तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय नाही

ब्रेक्यांच्या घरात पहिल्या विचारण्याला कुणी कॉफी घेत नाही. पहिल्यांदा "नको" म्हणायचं. दुसऱ्यांदा "छे छे, उगाच तुम्हाला त्रास" म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की "बरं, अर्धा कप द्या मग" म्हणून चांगली दोन कप प्यायची. पश्चिम मिनेसोटातल्या आमच्या टापूत दर दोन घरांत एकाचे पणजोबा नॉर्वेहून आलेले, आणि त्या सगळ्या घरांत ही रीत बाप्तिस्म्याइतकी पक्की आहे. ऑर्विल ब्रेक्यांचा धाकटा भाऊ एकदा कामानिमित्त न्यूयॉर्कला गेला आणि आठवड्यात गालफडं बसवून परत आला. लोकांनी विचारलं, "काय रे, तिकडे खायला देत नाहीत?" तो म्हणाला, "विचारतात हो. पण एकदाच विचारतात."

अशा घरात सोलवेग जन्माला आली, म्हणजे पुढे काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको. धार काढताना गाईला हात गार लागला तर ही गाईची माफी मागायची. चर्चच्या दाराशी दोघं आली तर तिसऱ्यासाठीही दार धरून उभी राहायची, आणि सगळे आत गेले की शेवटच्या बाकावर अंग चोरून बसायची. बाप ऑर्विल तिच्याहून एक पायरी वर. बेचाळीस गाई, सकाळ-संध्याकाळ धारा, आणि तेवीस वर्षांत त्यानं एक धार चुकवली नव्हती. सख्ख्या बहिणीच्या लग्नात केक कापायच्या आत तो उठून घरी आला होता. शेजारी हार्लन स्टेन्सरुड दर सणाला म्हणायचा, "ऑर्विल, एक दिवस मी काढतो धारा, तू जा." ऑर्विल तिन्ही वेळा नको म्हणायचा. म्हणजे रीतसुद्धा मोडायची, पण कुणाचे उपकार घ्यायचे नाहीत.

पोरगी पळायला लागली तीही याच खोडीपायी. धारा उरकेपर्यंत शाळेच्या बसची वेळ व्हायची, आणि बस थांबायची दीड मैलावर, मोठ्या रस्त्याच्या कोपऱ्यावर. दुसऱ्या कुणी ड्रायव्हरला सांगितलं असतं, बाई गं, दोन मिनिटं थांबत जा. ब्रेक्यांच्यात असं कोण सांगणार? म्हणून सोलवेग पळायची. दहाव्या वर्षापासून अठराव्यापर्यंत, बर्फात, चिखलात, पायात रबरी बूट आणि पाठीला दप्तर. आठ वर्षांत बस एकदाही चुकली नाही, आणि ड्रायव्हरबाईंना एकदाही थांबावं लागलं नाही.

तिच्या शाळेच्या शेवटच्या वर्गात एकोणीस पोरं होती. रानावनातून लांब पल्ल्याची शर्यत पळतात ती क्रॉस-कंट्री, तिचा संघ उभा करायला तेवढ्यांत माणसं कुठून आणणार? त्यामुळे कुठल्या कॉलेजच्या कोचचं तिला पत्र आलं नाही की फोन आला नाही. कॉलेजच्या संघात दोन तऱ्हेच्या मुली असतात. एक, बोलावून आणलेल्या. दुसऱ्या न बोलावता आपण होऊन येऊन चाचणी देणाऱ्या, ज्यांना तिथे 'वॉक-ऑन' म्हणतात. आता बघा गंमत. बोलावल्यावरही न जाणाऱ्या घरातली ही मुलगी, आणि तिच्या नशिबी रांग आली न बोलावता जाणाऱ्यांची.

१९९३ च्या ऑगस्टात ती कॉलेजात दाखल झाली. घर तीन तासांवर राहिलं. पहाटे साडेचारला जाग यायची आणि काढायला धारा नसायच्या. चौथ्या दिवशी ती जोडे घालून कॉलेजमागच्या खडीच्या रस्त्यावर पळायला निघाली, तर पुढे संघाच्या मुली पळत होत्या. निळे शर्ट, वेण्या, हसणं-खिदळणं. सोलवेगला त्या इतक्या आवडल्या की छातीत कळ आली. मध्ये घुसल्यासारखं नको म्हणून ती चाळीस पावलं मागे राहिली आणि सहा मैल तशीच पळत राहिली.

मुलींच्या मागून कोच सायकलवर होती. रीटा डिमार्को, न्यू जर्सीची, बुटकी, घोगऱ्या आवाजाची. तिच्या गावात लोक एकमेकांना दाराशी ढकलून आत जातात आणि मग एकत्र जेवतात. तिनं ब्रेक मारला.

"ए उंच मुली! संघात यायचंय?"

सोलवेगच्या मनात "हो हो हो" चाललेलं. तोंडातून आलं, "नको नको, उगाच तुम्हाला अडचण."

"बरं," म्हणून कोचनं पायडल मारलं.

सोलवेग तिथेच थांबली. दुसऱ्यांदा विचारायला बाई वळतील आता. सायकल टेकाडाआड गेली. पलीकडून फेरी मारून येत असतील, असं म्हणत ती मक्याच्या शेताशी चांगली दहा मिनिटं उभी होती.

रविवारी घरी फोन झाला. आई, अर्डिस, ऐकून चक्रावली. "एकदाच विचारलं? मग ते विचारणं झालं कुठं?"

मागून ऑर्विलचा आवाज आला. "विसरल्या असतील गं. कामाचं माणूस."

आठवडा गेला. बाईंना आठवेना. शेवटी आईनं पाठवलेला खजुराच्या वड्यांचा डबा घेऊन सोलवेग कोचच्या खोलीसमोरून तीनदा गेली. चौथ्यांदा आतून हाक आली.

"कोण फेऱ्या घालतंय? आत ये! काय हवंय?"

"काही विशेष नाही. वड्या आणल्यात. तुम्ही कामात असाल तर जाते."

कोचनं एक वडी तोंडात टाकली, मग दुसरी. "झकास आहेत. आणि?"

"आणि… म्हणजे… संघात जागा असली तर. नसली तरी चालेल."

"चालेल की नाही चालणार? एक काय ते बोल."

"जरा… कमी चालेल."

कोचनं तिच्याकडे नीट बघितलं. हे कुठल्या देशातलं बोलणं, असा प्रश्न तिच्या कपाळावर स्पष्ट होता. पण ती न्यायाची बाई होती. म्हणाली, "एक जागा आहे. येत्या शनिवारी चाचणी. पाच किलोमीटर. तुझ्यासकट पाच जणी आहेत. पहिली येईल ती आत, बाकीच्यांना राम राम. डबा ठेवून जा."

शनिवारी सोलवेग अशी पळाली की बघणाऱ्यांनी तोंडात बोटं घातली. रबरी बुटांत आठ वर्षं पळालेल्या पायांना खरे जोडे मिळाले होते. तीन किलोमीटरला ती बाकीच्या चौघींच्या पुढे होती. तिथे ओढा आहे, आणि ओढ्यावर लाकडी साकव, एका वेळी एकच माणूस जाईल एवढा. साकवाशी पोचल्यावर तिला मागे पावलं ऐकू आली. तिनं वळून बघितलं. शॉना प्राइस, मिनियापोलिसच्या उपनगरातली, लालबुंद होऊन धापा टाकत येत होती.

आणि आमची सोलवेग बाजूला झाली! कठडा धरून उभी राहिली आणि म्हणाली, "तू हो पुढे." शॉना गेली. तिच्या मागे दुसरी येत होती, तिलाही, "जा जा." तिसरी जरा लांब होती. सोलवेग तिच्यासाठी थांबली. चौथी तर टेकाड उतरत होती, तिला हात करून सांगितलं, सावकाश ये, घसरडं आहे. मग स्वतः साकव ओलांडला, आणि उरलेल्या दोन किलोमीटरांत तिघींना मागे टाकून शॉनाच्या मागोमाग दोन सेकंदांनी आली.

कोच साकवाजवळच उभी होती. ती आडवाटेनं पळत पळत, शिव्या आवरत शेवटच्या रेघेपाशी आली.

"पुलावर काय करत होतीस तू? वाढपी होतीस का तिथे?"

"त्या घाईत होत्या, कोच."

"शर्यत आहे ती! शर्यतीत सगळेच घाईत असतात!"

सोलवेगनं मान खाली घातली. तिच्या कधी लक्षातच आलं नव्हतं की असंही असू शकतं.

जागा शॉनाला गेली, आणि ते बरोबरच होतं. पण संघाची कप्तान केंद्रा लुंडीन तिथेच उभी होती. चौथ्या वर्षाची, स्वीडिश वस्तीच्या गावातली, म्हणजे याच मातीची. तिनं कोचला बाजूला घेतलं.

"कोच, हिला नुसता सराव करू दे आपल्याबरोबर. शर्ट नको, बसमध्ये जागा नको. नुसतं पळू दे."

"मी मागे विचारलं होतं. नको म्हणाली."

"कितीदा विचारलंत?"

"कितीदा म्हणजे? एकदा."

केंद्रानं कपाळाला हात लावला. "कोच, इथे तीनदा विचारावं लागतं."

"तीनदा? आमच्या जर्सीत कुणाला तीनदा विचारलं तर तो पोलीस बोलावतो!" पण वळून कोच सोलवेगसमोर गेली आणि बोटांवर मोजत म्हणाली, "सरावाला येणार?"

"नको, तुम्हाला…"

"एक. येणार?"

"माझ्यामुळे मुलींना उगाच…"

"दोन. येणार?"

"बरं, येते मग," सोलवेग म्हणाली आणि तोंडभर हसली.

"अरे देवा," कोच म्हणाली. "चार वर्षं इथे काढली आणि आज कळतंय मला की शेजारणी माझ्याकडे कॉफी का पीत नाहीत."

पुढचे सहा आठवडे सोलवेग संघात नसलेली संघातली मुलगी होती. सगळ्यांच्या अंगात निळे शर्ट, हिच्या अंगात बापाचा जुना, पशुखाद्याच्या दुकानाचं नाव छापलेला. पाण्याच्या बाटल्या ही भरायची, कुरणाची फाटकं ही उघडायची आणि सगळ्या गेल्या की लावायची. फाटक लावून पुन्हा मुलींना गाठायचं म्हणजे दर वेळी पाऊणशे पावलं जीव खाऊन पळायचं. एका सरावाला अशी सात-आठ फाटकं. कुणाच्या लक्षात आलं नाही, तिच्याही नाही, पण त्या फाटकांनी तिच्या पायांत काय भरलं ते पुढे दिसलं. शनिवारी संघ शर्यतींना गेला की ती बस सुटेपर्यंत हात हलवत उभी राहायची. मग खोलीवर जाऊन रडायची. थोडंसंच, शेजारच्या खोलीला त्रास नको म्हणून.

केंद्रा एकदा तिला म्हणाली, "तुला कळतं ना, तू आमच्यातल्या निम्म्या जणींपेक्षा जोरात पळतेस?"

"छे, काहीतरीच."

"साकवावर कुणाला वाट दिलीस तर ती तुझे आभार मानत नाही, सोलवेग. तिला वाटतं तू दमलीस."

हे मात्र तिला लागलं. आपण चांगलं वागलो आणि लोकांना वाटलं आपण दमलो! दोन दिवस ती तेच घोकत होती. पण पुढे घुसायचं म्हणजे कसं, ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. बेचाळीस गाईंत वाढलेली मुलगी. गाईसुद्धा गोठ्यात शिरताना ठरलेल्या क्रमानं शिरतात.

ऑक्टोबरात विभागाची मोठी शर्यत आली, आणि या वर्षी ती त्यांच्याच कॉलेजच्या मैदानावर होती. प्रत्येक कॉलेजच्या सातच मुली पळणार. दोन आठवडे आधी एकीचा घोटा मुरगळला. कोचनं सगळ्यांना गोळा केलं. "सहा जणी ठरल्यात. सातवी शनिवारी ठरेल. सगळ्या पळतील. या सहांना सोडून जी पहिली येईल ती सातवी, आणि शर्ट नसेल तर शर्टही." आणि सोलवेगकडे न बघता म्हणाली, "सगळ्या म्हणजे सगळ्या. फाटकवाल्यासुद्धा."

रविवारी तिनं घरी सांगितलं, "शनिवारी चाचणी आहे. त्यापुढच्या शनिवारी शर्यत. जमेल असं नाही."

"कशाला जमेल," आई म्हणाली, म्हणजे तिच्या भाषेत, देव तुझं भलं करो. बापानं मागून घसा खाकरला. तो फोनवर कधी येत नसे.

शनिवारी गार वारा होता आणि ओढ्याकाठची गवतं पांढरी पडली होती. सोलवेग पहाटे साडेचारलाच जोडे बांधून बसली होती. दोन किलोमीटरपर्यंत ती शॉनाच्या खांद्याला खांदा लावून पळाली; शॉनाही त्या सहांत नव्हती. तिसऱ्याला साकव दिसला. शॉना हुशार मुलगी, तिला मागची गोष्ट आठवत होती. तिनं जरासुद्धा वेग वाढवला नाही. कशाला वाढवायचा? ही थांबणारच आहे.

दहा पावलं. पाच पावलं. सोलवेगचा पाय सवयीनं अडखळला, हात कठड्याकडे गेला. आणि कोण जाणे कुठून, तिच्या तोंडून मोठ्यानं निघालं, "माफ कर हं!" आणि ती साकवावर घुसली.

शॉना जागच्या जागी दचकली. साकवाच्या फळ्या धाडधाड वाजल्या. पलीकडे उतरल्यावर सोलवेगला हसू फुटलं. इतकं सोपं होतं? माफी मागायची आणि पुढे जायचं! माफी मागणं तर तिला जन्मापासून येत होतं.

मग तिला कुणी आवरलंच नाही. पुढे पाचवी-सहावी पळत होत्या, त्यांची जागा पक्की, त्यांना गाठायची काही गरजही नव्हती. "चुकले हं, जरा जाऊ दे," म्हणत ती त्यांच्यामधून गेली. चौथीला, "सॉरी गं, राग नको मानू." चढावर तिसरी भेटली. "अगदी जराशी वाट दे, माझी बाई." ती मुलगी हसायला लागली आणि हसता हसता मागे पडली. केंद्रा पुढे होती. तिला मागून माफ्यांचा आवाज जवळ जवळ येताना ऐकू येत होता. ती ओरडली, "माझी माफी मागायची नाही! हिंमत असेल तर नुसती ये!" दोघी शेवटची दोनशे पावलं जिवाच्या आकांतानं पळाल्या. केंद्रा एका पावलानं पुढे आली.

अठरा मिनिटं, अकरा सेकंद. त्या संघात त्या वर्षी केंद्रा आणि आणखी एक सोडून इतकं जोरात कुणी पळालं नव्हतं. सोलवेग गवतावर आडवी पडली होती, नाकातून पाणी येत होतं, आणि येणारी प्रत्येक मुलगी तिच्या पाठीवर थाप मारत होती. शॉना सगळ्यांत शेवटी वाकली. "माझी माफी मागायची काही गरज नव्हती," ती म्हणाली. "पण मागितलीस ते बरं झालं. मला ओरडायला निमित्तच राहिलं नाही."

कोच आली. एका हातात निळा शर्ट, दुसऱ्या हाताची तीन बोटं वर. बाई शिकली होती. घसा साफ करून, सगळी सहनशक्ती गोळा करून तिनं सुरुवात केली.

"सोलवेग ब्रेके, संघात येणार?"

"हो."

कोचचं तोंड दुसऱ्या प्रश्नासाठी उघडलेलं तसंच राहिलं. तिन्ही बोटं वरच. "काय म्हणालीस?"

"हो म्हणाले. येणार. आण तो शर्ट इकडे!" मग आपण कुणाशी काय बोललो हे लक्षात येऊन ती लाल झाली. "म्हणजे, द्याल का, प्लीज."

मुलींनी असा कल्ला केला की पलीकडच्या कुरणातल्या गाई माना वर करून बघायला लागल्या. कोचनं शर्ट तिच्या डोक्यावर टाकला आणि स्वतःचे डोळे बाहीनं पुसले. वाऱ्यानं पाणी आलं म्हणाली.

रविवारी फोन लावताना सोलवेगच्या अंगात शर्ट होता. झोपतानाही होता.

"मिळाली जागा, आई."

"बरं झालं हो," आई म्हणाली. मग हळूच, "किती वेळा विचारलं त्यांनी?"

"एकदा."

"आणि तू?"

"हो म्हणाले."

"पहिल्याच विचारण्याला?" अर्डिसचा आवाज बसला. "लोक काय म्हणतील, सोलवेग?"

तेवढ्यात फोनवर खरखर झाली आणि जड श्वास ऐकू आला. ऑर्विलनं फोन हातात घेतला होता.

"किती मिनिटं?"

"अठरा-अकरा, बाबा."

"वाईट नाही," ऑर्विल म्हणाला. आमच्याकडे याच्या वरचा शब्द नाही. मग म्हणाला, "पुढच्या शनिवारी शर्यत. आम्ही आलो तर चालेल का?"

जुनी सोलवेग म्हणाली असती, नको, एवढ्या लांब कशाला उगाच. तोंडापर्यंत आलंही होतं. "हो, या," ती म्हणाली. "याच तुम्ही. पण गाई? धारा कोण काढणार?"

"हार्लनला सांगितलंय."

सोलवेगला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "तुम्ही सांगितलंत? स्वतःहून?"

"एकदाच विचारलं. तो लगेच हो म्हणाला. तेवीस वर्षं वाट बघत होता म्हणे."

"कधी विचारलंत?"

"बुधवारी."

"बाबा, चाचणी तर काल झाली. बुधवारी मी संघात नव्हते."

पलीकडे ऑर्विलनं घसा खाकरला. "हो," तो म्हणाला. "पण ऐन वेळी विचारायचं म्हणजे हार्लनची धावपळ झाली असती."